विहिरीजवळचं बुटकं झाड

स्कर्नेवित्से, ९ मे १९७८

बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा खोकला थांबला का? खरं काय ते कळवा.

आज आपल्या घरच्या विहिरीजवळच्या सफरचंदाच्या झाडाबद्दल लिहिते. कुंपणाशी आपोआप उगवलेलं ते रोप गेनेकदादानं हौसेनं तिथं हलवलं, पण ते कमरेच्या वर गेलंच नाही. "मुळं मोडलीस, तुझ्या हाताला गुणच नाही!" असं तुम्ही त्याला शेजाऱ्यांसमोर बोललात. त्याच वर्षी तो ग्दान्स्कच्या गोदीत कामाला गेला.

पाच वर्षांपूर्वी मी त्या झाडाची फुलं इथं आणली आणि त्यांचा पराग आमच्या फळसंशोधन केंद्रातल्या उंच झाडांना लावला. त्या बियांची शहाण्णव रोपं झाली. माती एक, पाणी एक, लावणारी मी एकटी. काल मापं घेतली. एकोणपन्नास रोपं गुडघ्याएवढीच राहिलीत, बाकीची माझ्याहून उंच गेलीत.

आमच्या केंद्रातल्या वरिष्ठ हाल्शका बाई म्हणाल्या, "अगं, हे झाड कुणी बिघडवलेलं नाही. बुटकेपणा त्याच्या रक्तातच आहे, एकाच जनुकाचा. बघ, निम्म्या लेकरांत उतरलाय."

म्हणजे गेनेकचं काही चुकलं नव्हतं. त्याला मी अजून काही कळवलेलं नाही. ते तुम्ही कळवावं, असं मला वाटतं. त्याचा पत्ता घातलेलं पाकीट सोबत आहे, तिकीटही लावलंय. मोठं पत्र नको, एक ओळ लिहिलीत तरी पुरे.

तुमची,
लुत्सिना