जेवल्यावरच घेणे

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार. अंथुर्णे.
सकाळी ६.४० ला पेरूंना फोमच्या जाळ्या घालत होतो. आईच्या ओळीत समोरच्या फळांना जाळ्या, डाव्या-उजव्या अंगाची उघडी. दाखवलं तर म्हणाली, "तितं फळंच न्हाईत." महिनाभर तिचं डोकं दुखतंय. पाणी तर तांब्यामागून तांब्या. दुपारी बारामतीला, डोळ्यांचे डॉक्टर. बाजूचं काहीच दिसत नाही. एमआरआय लिहून दिला.

१६ नोव्हें.
मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते, पिट्युटरी. ती सुजून डोळ्यांच्या नसांवर दाबतेय. गाठ असावी म्हणाले. कसली ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

२८ नोव्हें. पुणे.
नाकातून ऑपरेशन. चार तास.

५ डिसें.
गाठीच्या तुकड्याचा रिपोर्ट आला. कर्करोग नाही, बुरशी. वडील म्हणाले, "मंग नाकातनं फवारणी करायची का, डॉक्टर?" डॉक्टर हसले. आम्ही दोघं नाही. बुरशीच्या गोळ्या कित्येक महिने. ग्रंथी बंद पडली म्हणून स्टेरॉइड रोज दोनदा, कदाचित जन्मभर.

१३ डिसें.
घरी. भिंतीवर तक्ता लावला, स्टेरॉइडची गोळी घेतली की खूण. डबीवर स्टेरॉइडची चिठ्ठी, ठळक अक्षरात: जेवल्यावरच घेणे. दोनदा तपासली.

२० जानेवारी २०२५, सोमवार.
लोणी देवकरला कामावर असताना फोन. आई गोठ्यापाशी पडली. उलट्या, अंग गार. बारामतीला अॅडमिट. स्टेरॉइडचं इंजेक्शन दिल्यावर बोलायला लागली. दोन्ही वेळच्या गोळ्या घेतल्याच नव्हत्या. डोळ्यांसाठी पाच सोमवारचे उपास बोलली होती, मला न सांगता. आज पहिला.
"तूच लिवलंयस, जेवल्यावरच. जेवलेच न्हाय, तर घिऊ कशी?"

२३ जाने.
डॉक्टर म्हणाले, उपास असो, ताप असो, ही गोळी चुकवायची नाही. पुण्यात हे सांगितलं होतं का? तिथे लिहून घेतलेली वही चाळली. माझ्याच अक्षरात आहे: एकही डोस चुकवू नये. चिठ्ठीवर मात्र...

२७ जाने., सोमवार.
काल घरी आणलं. नवी चिठ्ठी: जेवो न जेवो, सकाळी ७, दुपारी २. उरलेले चार सोमवार मी धरणार, असं सांगितलं.
"डोळं माझं आन् उपास तुझा व्हय?"
पण गोळी घेतली. बुरशी किती उरलीय ते मार्चच्या एमआरआयमध्ये कळेल. तिच्या उजव्या बाजूला दोन बोटं धरली. किती, विचारलं.
"धर की आधी," म्हणाली.
मी केव्हाची धरली होती.
घरचा तक्ता: खुणा ७७, रिकामे चौकोन २.