शांत पाण्याचा पट्टा

११ जाने.
कामावरच्या मॅडमनी कालचे सगळे फोटो परत पाठवले. कोकणातल्या त्या किनाऱ्यावर खांबाला कॅमेरा आहे. त्याचे फोटो इथं अकोल्यात माझ्या लॅपटॉपवर येतात, मी माणसाला आत ओढणाऱ्या पाण्यावर लाल रंग भरते. तोच लाल मग पर्यटकांच्या मोबाईलमधल्या नकाशावर दिसतो.
मॅडम फोनवर, "ताई, लाटा फुटतात तिथं लाल कशाला? मधला गुळगुळीत, गडद पट्टा बघा. माणसाला आत नेतो तो."
मी त्यालाच चांगलं पाणी समजत होते. आपल्याकडे पाणी संथ दिसलं की पोरं उतरतात.

१४ जाने.
लेकीच्या, जुईच्या कॉलेजची सहल ठरली. नेमका तोच किनारा. अख्ख्या कोकणात दुसरा समुद्र नाही?
हे म्हणाले, "काहून भेव घालून राहिली पोरीले? सण आहे आज."
जुई, "आई, तू तं समुद्र पाह्यलाच नाही. अन् मले शिकवून राहिली!"
खरं आहे. पायसुद्धा ओले केलेले नाहीत.

१५ जाने.
तिच्यासमोर फोटो ठेवला. कुठून उतरशील?
तिळगूळ चघळत तिनं बोट ठेवलं. बरोबर पट्ट्यावर. विचारसुद्धा केला नाही. "इथून. इथं लाटाच नाहीत न."
सगळं समजावलं. नकाशा तिच्या मोबाईलमध्ये घालून दिला.
"बरं." तिचं बरं मला माहीत आहे. स्वेटर घाल म्हटलं तरी बरंच म्हणते, घालत नाही.

२२ जाने.
गेली. बसच्या खिडकीतून ओरडली, "तुह्या लाल रंगात नाही जात व माय, जाय घरी!" मैत्रिणी हसल्या. मीही हसले. घरी येऊन कुकर लावला आणि तांदूळच घालायचे राहिले.

२४ जाने., सकाळ
काल संध्याकाळचे फोटो आले. चेहरे दिसत नाहीत, मुंगीएवढी माणसं. कॉलेजच्या हिरव्या टोप्या मात्र ओळखल्या. पाच-सहा जणी, कंबरभर पाण्यात. पट्ट्यात.
मॅडमना फोन केला. "काल कुणाला काही झालं नाही, ताई. पण तिथं रेंज नसते. त्यांना जुनाच नकाशा दिसत असणार. आणि हे पट्टे जागा बदलतात."
म्हणजे जिथं लाल नव्हतं तिथंच ती उभी होती. ऐकत होती माझं.
आज संध्याकाळपर्यंत त्या तिथंच आहेत. फोन लागत नाही. सहलीच्या सरांचाही नाही.

दुपार
पुन्हा मॅडम. किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला वायरलेसवर सांगून भोंग्यावरून नाव पुकारायला लावा म्हटलं. पूर्ण नाव, अकोल्याची म्हणून. रेंज असेल तिथं, रस्त्यावर येऊन आईला फोन कर म्हणावं. मॅडम, "सांगते."
सगळ्यांसमोर. चिडेल, महिनाभर बोलणार नाही. चालेल.
हे दोनदा आत येऊन गेले.
मघाशी मॅडमचा मेसेज: पुकारलं.
आता ती चिडून फोन करेल.
अजून केला नाही.