बाळाची जबाबदारी माझी

२४ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोज लिहिणार. चर्चच्या कमिटीने नाताळच्या नाटकाचं दिग्दर्शन मलाच दिलं. दुसऱ्या कोणी हात वर केला नाही, म्हणजे एकमताने. हेरोद राजाही मीच. नाटक विनोदी आहे, पण आमच्या चर्चचा एक नियम गंभीर आहे: गव्हाणीत बाळ येशू म्हणून बाहुली चालत नाही. त्याच वर्षी जन्मलेलं खरं बाळ लागतं. त्रेसष्ट वर्षं हे चालू आहे. अडचण एवढीच की या वर्षी मंडळीत एकही बाप्तिस्मा नाही. सगळे तरुण पुण्याला, नाहीतर हैदराबादला. मी पाळकसाहेबांना म्हणालो, बाळाची जबाबदारी माझी. टाळ्या.
तेवढ्यात कमिटीतले वामनराव बोललेच. "घरचं लेकरू असून गावभर काहून फिरता गा?" घरचं म्हणजे माझ्या मुलीचं, रितिकाचं. मी म्हणालो, ज्यांनी बारा वर्षं नाटकात उंटाचे मागचे पाय केले, त्यांनी दिग्दर्शनात बोलू नये. उठून गेले. येतील परत.

२६ नोव्हेंबर, मंगळवार
नोंद असावी म्हणून लिहितो. मी रितिकावर रागावलेलो नाही. तिचं घर मनीषनगरात, इथून वीस मिनिटांवर आहे, मी फक्त जात नाही. जूनमध्ये बारसं झालं. मी दोन महिने विचार करून एस्तेर हे नाव काढलं होतं. केकवर लिहूनही नेलं. तिथे प्रशिकच्या, म्हणजे जावयाच्या बहिणीने बाळाच्या कानात भलतंच नाव सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. आत्याचा मान असतो म्हणे. मी केक उचलून घरी आलो. चार दिवस एकट्याने खाल्ला. मग फॅमिली ग्रुप सोडला. आता फोटो नाहीत, गुड मॉर्निंग नाही. फार शांत वाटतं.

३० नोव्हेंबर, शनिवार
मिहानच्या आयटी कंपनीत नोकरी करणारं एक नवं जोडपं चर्चला येतं. त्यांच्याकडे गेलो. बाळ नाही, कुत्रा आहे. तो त्यांनी अगदी आनंदाने देऊ केला. विचार करून नको म्हणालो. लगेच नको म्हणालो नाही, याचं मलाच नवल वाटलं.

५ डिसेंबर, गुरुवार
पोस्टर छापून आले. "सजीव बाळासह" हे लाल अक्षरात. पाळकसाहेबांनी बाळाबद्दल विचारलं. म्हणालो, बोलणी शेवटच्या टप्प्यात आहेत.
पुष्पलताची, म्हणजे बायकोची, महिला मंडळाची मीटिंग आता आठवड्यातून तीनदा असते. आज परतली तर पदराला दुधाचा वास. मीटिंगमध्ये खीर होती म्हणाली. मंडळ बरीच प्रगती करून राहिलं आहे.

१० डिसेंबर, मंगळवार
दवाखान्यात लसीकरणाचा दिवस. बाहेर उभं राहून पाहिलं. एकूण चौदा बाळं, त्यांतली चार भूमिकेला योग्य. एका आईला पोस्टर दाखवलं. तिने नवऱ्याला बोलावलं, नवऱ्याने वॉचमनला. मी स्वतःहून निघालो.

१२ डिसेंबर, गुरुवार
बसने काटोलला. संत्र्याचे व्यापारी मारोतराव माझ्या जुन्या ओळखीचे. नातू आहे म्हणाले, विक्की. लहान आहे का विचारलं, तर म्हणाले, "एकदम लहान हाय, मांडीवरून उतरत नाही." बघायला मिळाला नाही, झोपला होता. होकार घेऊन आलो. गव्हाणीसाठी संत्र्याची रिकामी पेटीही मिळाली. एका दगडात दोन पक्षी. वामनरावांना मुद्दाम मेसेज केला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

२१ डिसेंबर, शनिवार
तालीम. विक्की आला. सव्वा वर्षाचा आहे. चालत आला. मारोतरावांच्या मांडीवरून उतरत नाही हे खरं, पण उतरला की थांबत नाही. पेटीत ठेवलं तर पेटी मोडली. पाळकसाहेब नुसते खिडकीतून बाहेर बघत राहिले. वामनराव न आल्यामुळे उंटाला दोनच पाय आहेत.
घरी येऊन प्रार्थना केली. देवा, कोणाचंही चालेल. पुष्पलता दारात उभी होती. म्हणाली, "कोणाचंही चालते, मंग तिचं काहून नाही चालत?" मी डोळे उघडले नाहीत.

२४ डिसेंबर, सायंकाळी ५.२०
नाटक सहाला. दाढी, मुकुट चढवला आहे. अजून चाळीस मिनिटं आहेत. चाळीस मिनिटांत काहीही होऊ शकतं.

२४ डिसेंबर, रात्री ८
झालं.
साडेपाचला गेटपाशी एक अनोळखी मुलगी दिसली, कडेवर बाळ. अगदी हवं तसं. मी धावतच गेलो. दहा मिनिटं द्याल का, असं हात जोडून म्हणालो. बाळाने माझी दाढी दोन्ही हातांनी धरली आणि हसायला लागलं. माझ्याकडे झेपच घेतली. मुलगी म्हणाली, ही कोणाकडेच जात नाही. बाळाचं नाव विचारलं. उन्नती म्हणाली. गरजू माणूस कौतुकच करतो. माझ्या तोंडून निघून गेलं, वा, किती छान नाव.
"हिच्या नानाले आवडलं नाही म्हनते," ती म्हणाली. "बारशातून केक घेऊन पळाले."
मी माझ्या नातीला ओळखलं नाही. सहा महिन्यांची आहे, दोन दात आहेत, आणि मी तिला ओळखलं नाही. फार लाज वाटली. हे इथे लिहिलं तरी चालेल, कोण वाचतं.
ती मुलगी प्रशिकची मामेबहीण मेघा. मागून रितिका आली, तिच्यामागे पुष्पलता, हातात दुधाची बाटली. महिला मंडळ एवढंच होतं. मी तेव्हा काय बोलायला हवं होतं ते मला आता कळतं. तेव्हा मी म्हणालो, दहाच मिनिटं हवी होती.
रितिका म्हणाली, "नाटकासाठी नाही देणार, बाबा. घ्यायचं असेल तर उद्या घरी येऊन घ्या."
नाटकात शेवटी विक्कीच. डागडुजी केलेल्या पेटीतून उठला, बाळाला भेटी घेऊन आलेल्या ज्ञानी लोकांच्या हातातलं संत्रं घेतलं आणि स्टेज उतरून समोशांच्या टेबलाकडे गेला. त्याच्यामागे दोन पायांचा उंट. लोक एवढे कधीच हसले नव्हते. माझ्या एकाही विनोदाला नाही.

२५ डिसेंबर, दुपारी १
उपासनेनंतर थेट मनीषनगर. नवा शर्ट, करंज्या, केक. केकवर काही लिहिलेलं नाही. मोठ्या ऐटीत हात पुढे केले. तिने माझा गुळगुळीत चेहरा पाहिला आणि टाहो फोडला. रितिका म्हणाली, काल दाढी होती ना. मी हनुवटीला टॉवेल लावून पाहिला. आणखी जोरात रडली.
दाढी चर्चच्या ट्रंकेत आहे. ट्रंकेची किल्ली वामनरावांकडे.
फोन केला. आधी माफी मागितली, मग किल्ली. त्यांनी विचारलं, दाढी काहून पाहिजे गा आता. मी म्हणालो, "उन्नती मले ओळखून नाही राहिली."
त्यांनी ते नाव एकदा म्हणून पाहिलं. मग म्हणाले, पाहुण्यांचं जेवण आटोपलं की चारला आणून देतो. मी इथेच बसलो आहे. ती पलंगाच्या त्या टोकाला आहे. चार वाजायला तीन तास आहेत.