साहेबांचा विषाणू

३ मार्च १९६६, ट्यूनिस

आज जिन्यातच जुंपली! सी शाझली, म्हणजे शाझलीसाहेब, आमच्या विषाणू विभागाचे प्रमुख. सी मुंजी जिवाणू विभागाचे – आणि यांचे सख्खे मेव्हणे. वाद तोच : डोळ्यांच्या खुपरीचा जंतू कुणाचा?

"पेशीबाहेर जगत नाही ना? मग विषाणू!" – आमचे साहेब.

"घरजावई सासऱ्याच्या घरात राहतो म्हणून माणूस नसतो होय?" – सी मुंजी.

सी शाझली सासऱ्यांकडेच राहतात. त्यांचे कान लालबुंद. मी खोकल्याचं निमित्त करून पळाले.

५ मार्च

जंतू वाढतो फक्त जिवंत अंड्यात. आई म्हणाली, "त्या मेल्याला रोज अंडी, आणि आमच्या ब्रीकच्या तळलेल्या घडीत अंड्याऐवजी नुसता बटाटा!"

११ मार्च

संचालक सोमवारी निकाल लावणार. जंतू ज्याचा ठरेल, त्याच्याकडे जाणार – आणि जंतू वाढवणारी मीही त्याच्यासोबत. सी मुंजींकडे बाईला जागा नाही. "बायका काचा फोडतात!" आणि खरं सांगायचं तर जंतू त्यांचाच. पेशीभिंत आहे, दुभंगतो, जिवाणूंवरच्या मलमाने मरतो. विषाणू मलमाला भीक घालत नाहीत.

गप्प बसावं?

१४ मार्च

नाही बसले.

"राधिया, तुम्ही रोज बघता. काय आहे तो?" संचालकांनी विचारलं.

"जिवाणू."

"पोरी, तुला मी शिकवलं!" सी शाझली ओरडले.

"म्हणूनच तर सांगते. मलमाने मरतो तो."

"मलम वरच्या घाणीवर चालतं! जंतूला त्याचं काय?"

साहेब तरातरा प्रयोगशाळेत गेले. "एकही अंडं तिकडे जाणार नाही!" म्हणत ट्रे उचलला – आणि सटकला. जंतूंनी भरलेला पिवळा बलक थेट तोंडावर! बाहीने पुसला. मी म्हटलं, डोळे धुवा. "मला शिकवू नकोस!"

१५ मार्च

जंतू सी मुंजींकडे गेला, मीही गेले. टेबल मिळालं – बोळात, दाराआड. सी मुंजी एवढंच म्हणाले, "काचा सांभाळा." सी शाझली समोरून आले आणि भिंतीकडे बघत निघून गेले. फार लागलं मनाला.

२४ मार्च

दुपारी बोळात कुणी नव्हतं. सी शाझली आले, काळा चष्मा लावून. काढला – दोन्ही डोळे सुजलेले, लाल.

"मलम आहे?"

"कोणतं, सी शाझली?"

त्यांनी बोळाच्या दोन्ही टोकांना बघून घेतलं. मग हळूच –

"जिवाणूचं."