बिब्ब्याचा डाग

ती. माय,

तुझ्या चितेला अग्नी दिला, त्याच हातानं हे लिहितोय. पोस्टात टाकायची सोय नाही.

माझ्या तळपायाला काळा डाग आहे. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी मोबाईलवर त्याचा फोटो काढला. फोटो बघून कातडीचा कॅन्सर ओळखणारी मशीन आहे. तिनं लाल खूण दाखवली. मी हसलो. म्हटलं, "बाई, लहानपणी काटा मोडला, मायनं बिब्बा तापवून चटका दिला. तुमच्या मशीनला बिब्बा काय माहीत!"

"नसेल माहीत. पण काका, चटका ह्याच पायाला दिला होता ना?"

इतकी वर्षं दालमिलमध्ये काढली, तिथल्या गोंगाटातही कोणतं बेअरिंग घासतंय ते मला ऐकू येतं. बाईंचा उतरलेला आवाजही ऐकू आला.

लातूरला घरी आल्यावर तुळजाला सहज विचारलं. तुझी सून खुदकन हसली. "आत्याबाई सांगायच्या की! तुम्ही लई लाथा झाडून राहिलते, म्हणून डावा पाय मांडीखाली दाबून धरला अन् त्यालाच चटका दिला."

डाग उजव्या पायाला आहे. तिनं अजून बघितला नाही. मी घरातही मोजे घालून फिरतोय.

उद्या तपासायला डागाचा तुकडा काढणार आहेत. डोळे मिटले की तू ऐकू येतेस, "हलू नको रे पंढरी."

माय, सुनेला सांगताना तुझी चूक झाली असंल. एकदा तेवढं म्हण.

तुझाच,
पंढरी