आरोपीचं मत

प्रिय मास्तरीणबाई,

काल तुमच्या त्या लुटुपुटीच्या खटल्यात मी ‘गुन्हा कबूल’ म्हणालो, सगळा वर्ग हसला आणि न्यायाधीशाच्या खुर्चीतला तो एकटा हसला नाही. त्या क्षणी माझं सगळं फिसकटलं. तोवर ठरल्याप्रमाणे चाललं होतं. म्हणजे मी ठरवल्याप्रमाणे. तुझ्या मनात काय होतं ते मला दिसत होतं, म्हणून तर हा उपद्व्याप.

गेले कित्येक दिवस मला दुसरं काही ऐकायला मिळालंय का? फौजदारी न्यायालयांचं कामकाज शिकवणाऱ्या प्राध्यापकाची जागा रिकामी, तिघांना बोलावलंय, दोघे बरे आहेत आणि तिसरे, तुझ्या शब्दांत, "किती शांत बोलतात ना". तो ‘ना’ माझ्या घशात अजून अडकलाय. ताई म्हणाली, अरे, ती विभागात साहाय्यक आहे, आलेल्या उमेदवाराकडे तिनं नाही बघायचं तर कुणी, तू? बघावं की. पण त्याच्या कॉलरला माइक लावायला इतका वेळ लागतो? आणि त्यानं काहीतरी म्हटलं तेव्हा तू हसलीस. माझ्या विनोदावर हसताना तू तोंडावर हात ठेवतेस. काल दोन्ही हात त्याच्या कॉलरशी, आणि हसू उघडं. दाराशी उभ्या उभ्या मला तुझी अक्कलदाढ दिसली. इतक्या वर्षांत मला कधी दिसली नव्हती.

मोठ्या बाईंचा तो नियम मला आधी गंमतच वाटला होता. उमेदवारानं नुसतं व्याख्यान झोडायचं नाही, वर्गात खटला चालवायचा, स्वतः न्यायाधीश व्हायचं. आरोपी बाहेरचा आणायचा आणि शेवटी उमेदवाराबद्दल त्याचंही मत घ्यायचं, कारण कोर्टात काय चाललंय हे ज्याला कळायलाच हवं त्यालाच सहसा कळत नाही. बाई विभागप्रमुख झाल्या त्या उगाच नाही. पण याच्या वेळी आरोपी म्हणून तुला मीच सापडलो. "तू वकीलकाकांच्या ऑफिसात आहेस, तुला कोर्टाची सवय आहे." सवय आहे, खरंय. दुसऱ्या वर्षाला ज्या वर्गातून मी सरांशी भांडून तरातरा निघून गेलो, त्याच वर्गात सायकलचोर म्हणून उभं राहायची सवय मात्र नव्हती. आणि वर बसलेला न्यायाधीश कोण, तर हा बगळा. इस्त्रीची घडीसुद्धा मोडत नाही त्याची.

मी आरोप नाकारायचा, मग साक्षीदार, उलटतपासणी, निकाल, आणि मग तुझ्या टाळ्या. म्हटलं, कबूलच करून टाकू. खटलाच नाही तर हा शिकवणार काय, कपाळ? खुंटी उपटली की तंबू खाली. पोरं हसली, मोठ्या बाईंनी चष्मा काढला, तू माझ्याकडे असं पाहिलंस की भिंत असती तर तडा गेला असता. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

आणि त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "तुम्ही बसा आधी. पाणी हवंय?" मग एकेक विचारायला लागला. कबूल करा असं कुणी सांगितलंय का. कबूल केल्यावर पुढे काय होईल हे कुणी समजावलंय का. नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, हे माहीत आहे का. मी फटकन म्हणालो, "लवकर आटपावं म्हणून म्हणतोय, साहेब." वर्ग पुन्हा हसला. तो पोरांकडे वळला. "हे लिहून घ्या. कितीतरी माणसं एवढ्याचसाठी कबूल करतात. लवकर घरी जाता यावं म्हणून. ते ‘हो’ न्यायाधीशानं घ्यायचं नसतं." मग कुणी हसलं नाही. माझ्या वतीनं त्यानं ‘नाकबूल’ लिहिलं आणि खटला पुढे चालवला. मी उपटलेल्या खुंटीवरच त्यानं तंबू उभा केला.

वकीलकाका वाईट नाहीत, पण "कबूल कर आणि मोकळा हो" हे मी त्यांच्या टेबलाशी चहापेक्षा जास्त वेळा ऐकलंय. बाहेरच्या बाकावर कुणाची तरी आई पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असते, आणि आत मुलगा हो म्हणून टाकतो. त्याला बसा कुणी म्हणत नाही. तो बगळा मला बसा म्हणाला. मला त्याचा इतका राग आला की रात्री जेवण गेलं नाही. मूर्ख असता तर किती सोपं होतं गं.

आज मोठ्या बाईंनी मत विचारायला बोलावलं होतं. म्हणाल्या, दोन उमेदवारांत अडलंय, तुझ्या शब्दावर ठरेल. मी म्हणालो, यालाच घ्या. म्हणजे आता तो रोज तुझ्या शेजारच्या खोलीत बसेल, मधल्या सुट्टीत शांत बोलेल, आणि हे मी माझ्या हातानं केलंय. ताईला कळलं तर ती माझं डोकं तपासून घेईल.

तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये, एवढ्यासाठी लिहायला बसलो असं मघापर्यंत वाटत होतं. पण कारण ते नाही. मी तुझ्याशी भांडलो, रुसलो, तुझ्या मागे लागलो; तुला कधी नीट विचारलं नाही. आता विचारतो. मी हवा आहे का तुला? तो जवळ असताना ठरव, त्याच्याशी बोल, हवं तितकं हस. मी भडकेन म्हणून हो म्हणू नकोस, माझी कीव येते म्हणून नको, आणि रोजची कटकट एकदाची संपावी म्हणून तर मुळीच नको. नाही म्हणालीस तर मी दंगा करणार नाही. करायची इच्छा होईल, पण करणार नाही. हे तुझ्या टेबलावर, हजेरीपटाखाली ठेवतोय. जिन्यावर पावलं वाजतायत, निवडीचं काय झालं ते विचारायला तो येतोय बहुतेक. हे तू एकटीनंच वाचावंस, म्हणून बाहेर पडताना तुझ्या खोलीचं दार लावून घेतो.

तुझाच,
काडेपेटी