एडिंबराला ‘या जेवायला’

१९ डिसें. २००३, कोल्हापूर
बॅगा भरून झाल्या. सौ.नं स्वेटरवर स्वेटर कोंबलेत. इस्माईलची बॅग माझ्याहून जड, निम्मी कांदालसूण चटणीच. होस्टेलच्या एका खोलीत आम्ही तिघं राहायचो. त्यातला वसंत स्कॉटलंडला जाऊन पंचवीस वर्षं झाली. सुशीलावहिनी गेल्या त्याला दोन. मूलबाळ नाही. एकटाच. फोनवर म्हणतो, घर विकावं का, कळत नाही. गडमुडशिंगीला माझ्या घराशेजारचा मोकळा प्लॉट मी त्याच्यासाठीच ठेवलाय. फिरायला चाललोय हे खरं, पण मला त्याला परत आणायचंय. इ.ला सांगितलं.
“आणूया की. न्हाय आला तर उचलून आणू.”

२१ डिसें., एडिंबरा
विमानतळावर वसंत. केस पांढरेफेक, आवाज तोच. “आलासा व्हय लेकांनो!” माणसं वळून बघायला लागली.
घर स्वच्छ, पण गप्प. वहिनींचा फोटो, शेजारी बुद्धमूर्ती. ओट्यावर एकच ताट, एकच वाटी, धुऊन उपडी घातलेली. एकवीस वर्षं याच गल्लीत राहतोय आणि शेजाऱ्यांना नुसता लांबून हात करतो. “सुशीलाच बोलायची रं सगळ्यांशी.”

२४ डिसें.
किल्ला. तोफा, वारा, थंडीनं कान बधिर. इ.चं मत: “झ्याक हाय. पर पन्हाळ्यासारखी भाजल्याली कणसं न्हाईत.” वसंत इतका हसला की ठसका लागला. परतताना बर्फ!! पन्नाशी उलटलेले तीन बाप्ये एकमेकांना गोळे मारत होते. माझ्या माकडटोपीचा एका बाईनं विचारून फोटो काढला.

२७ डिसें.
आगगाडीनं डोंगरात गेलो. तळं एवढं मोठं की रंकाळा त्यात कुठं गेला कळणार नाही. (हे इ.ला बोललो नाही. भांडला असता.) काठावर बसून थर्मासमधला चहा. प्लॉटचा विषय काढला.
वसंत म्हणाला, “बघू.”
कोल्हापुरात बघू म्हणजे नाही. इथं काय समजायचं?

३१ डिसें.
घोळ घातला. सकाळी ऊन पडलं म्हणून तिघं कोट घालून दारातल्या पायरीवर पोहे खात बसलो. समोरची मार्गारेट चालली होती. सवयीनं तोंडातून गेलं, “कम, ईट!” आपल्याकडं खाताना कुणी दिसलं की म्हणायचंच, या जेवायला. त्यानं म्हणायचं, चालू द्या. की निघाला. ही बाई थांबली. कधी येऊ, विचारलं. गडबडून म्हणालो, उद्या एक वाजता. मग तिच्या मागून येणाऱ्या जोडप्याला सोडणं बरं दिसेना. कुत्रं घेऊन चाललेल्या म्हाताऱ्यालाही सांगितलं.
वसंत डोक्याला हात लावून: “दिन्या, हितं बोलावलं की माणसं येत्यात!”

१ जाने. २००४
चौघांना सांगितलं, घरचे धरून अकरा आले. आणि कुत्रं.
मटण दीड किलो. इ.नं तांबड्या रश्श्यात बटाटे ढकलले, पांढरा वाढवला. भांडं पुरेना. वसंत स्टुलावर चढला, वरच्या कपाटातून वहिनींचं मोठं पातेलं काढलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.
मार्गारेटच्या हातात कागदात गुंडाळलेला कोळसा. नव्या वर्षाचा पहिला पाहुणा आणतो म्हणे, घरात ऊब राहावी म्हणून. पहिल्या पाहुण्याचे केस काळे असले तर आणखी शुभ. झालं! इ.च्या कलपाला भाव आला. जेवणाआधीच त्याला चार घरांत नेऊन आणलं.
म्हातारा लालबुंद, डोळ्यांतून पाणी, तरी वाटी पुढं. मार्गारेट वसंतला म्हणाली, तुझ्या बायकोनं मला भाकरी शिकवली होती. दोन वर्षं तुझं दार वाजवावं म्हणतेय, बोलायचं काय ते सुचत नव्हतं. वसंत आत गेला. मागोमाग मी. दोघंही रडलो. मग इ. ओरडला, “रस्सा कोण वाढनार रं?”
इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता.

३ जाने.
मार्गारेटकडं जेवलो. म्हातारा सकाळी वसंतला कुत्र्याबरोबर फिरायला घेऊन गेला. वसंत शीळ घालत परतला. मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेतलाय.
इ.: “दिन्या, त्याला न्याला आलतास का ठेवायला?”

६ जाने.
विमानतळ. वसंतनं मिठी मारली, सोडेना. प्लॉटचा विषय तसाच राहिला.

११ जाने., कोल्हापूर
वसंतचा फोन. पुढच्या रविवारी सहाजण जेवायला बोलावलेत. पांढऱ्या रश्श्याला खसखस किती, इ.ला विचारून सांग म्हणाला. आवाज असा की मलाच हसू फुटलं. घर विकणार का, विचारलं नाही. धीर झाला नाही, खरं तर.
संध्याकाळी प्लॉटवर गवत काढत होतो. शेजारचे पाटील कुंपणाशी आले.
“मास्तर, जागा द्याची हाय काय? गिऱ्हाईक हाय.”
“बघू,” म्हणालो.